मान खाली

घंटी वाजली आणि मुलीने मान झटकन खाली घातली.

"शाबास," बाबा म्हणाले. "पण मुळात वाजलीच कशी?"

बैठकीच्या खोलीत सायकल लोखंडी स्टँडवर घट्ट बसवलेली होती. चाक जागच्या जागी फिरत होतं, समोर मोठा पंखा घोंघावत होता. छताच्या हुकाला दोरी आणि दोरीला पितळी घंटी, हेल्मेटच्या वर जेमतेम बोटभर. डोकं जरा वर आलं की टण्! तिचा आवाज असा खणखणीत की शेजारी भांडायला येऊन गेले होते.

डोकं वर आलं की वारा अडतो आणि वेग जातो, हे बाबांचं पालुपद. त्यांनी वाऱ्याशी उभा दावाच मांडला होता. मुलीचे कपडे इतके तंग, की चढवायला आई आणि बाबा दोघांना ओढावे लागत. हेल्मेट मागे निमुळतं, कानांवरून घट्ट, आणि त्याची भोकंही चिकटपट्टीने बुजवलेली. पाठीवरचा नंबर टाचण्यांनी लावला तर फडफडतो, म्हणून आई तो आता गोंदाने चिकटवत होती, एकही सुरकुती न पडू देता. मुलीमुळे मान खाली घालायची वेळ येऊ नये म्हणून बाप जिवाचं रान करतात. हा बाप मुलीने मान खाली घालावी म्हणून करत होता.

"झालं गं," आई म्हणाली. मुलगी पायडल मारतच राहिली.

आई सायकलीसमोर जाऊन उभी राहिली. तिने हात हलवला, हाक मारली. मुलीची नजर पुढच्या चाकाशेजारी फरशीवर होती. तिथे बाबांनी पांढरी पट्टी चिकटवली होती, रस्त्याच्या कडेची रेघ म्हणून.

आई बाबांकडे वळली. "अहो, मी समोर उभी आहे आणि हिला पत्ताच नाही."

"तेच तर शिकवलंय!" बाबा खूश झाले. "हाका मार, टाळ्या वाजव, काही पोचत नाही तिच्यापर्यंत. फक्त घंटी पोचते."

"आणि समोर काही आलं तर?"

"येईल कुठून? आज शर्यतीसाठी रस्ता बंद ठेवलाय. एकेकाला अंतराने सोडतात, पुढे चिटपाखरू नसतं. पांढरी रेघ धरून गेली की काम झालं."

मुलीने थांबून हेल्मेट काढलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आई, घाबरू नकोस ना. आज पहिली आले तरच संघात घेणार आहेत. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही."

आईने तिचा घाम पुसला.

बाबांनी दोरी सोडली आणि घंटी आईच्या हातात दिली. "तू पुलापलीकडे उभी राहा. तिथवर येईस्तोवर मान दमते, डोकं वर यायला लागतं. दिसलं की वाजव. मी शेवटाला थांबतो."

पुलापलीकडचा रस्ता सरळसोट होता. आई पोचली तेव्हा तिथे एक टेम्पो उभा होता, स्पर्धकांसाठीच पाण्याचे खोके घेऊन आलेला. त्याची एका बाजूची चाकं कडेच्या मातीत होती. बाकी सगळा टेम्पो पांढऱ्या रेघेवर होता.

"दादा, टेम्पो हलवा," आई म्हणाली. "लवकर हलवा."

"चावी मालकांकडे आहे, ताई," पायरीवर बसलेला हमाल म्हणाला. "खोके घेऊन पुढे गेलेत, येतील एवढ्यात. आणि अडचण कुणाला होतेय? तो बघा, गेला की वळसा घालून."

खरंच एक सायकलस्वार सर्रकन बाजूने निघून गेला. तो पुढे बघत होता.

"माझी मुलगी यायची आहे. ती बघत नाही हो."

हमाल उठून उभा राहिला. "म्हणजे? डोळ्यांनी अधू आहे का?"

तेवढ्यात पुलावर ठिपका दिसला. नंबर वाचायची गरज नव्हती. पाठ फळीसारखी सपाट, हेल्मेटचं शेपूट पाठीला टेकलेलं, खांदे तसूभर हलत नव्हते. त्या भीतीतही आईला वाटून गेलं, किती देखणी येतेय माझी पोर.

आई रेघेवरूनच पुलाच्या दिशेने धावत सुटली. "थांब! वर बघ! अगं, वर बघ!" हमालही मागून ओरडू लागला, त्याने रिकामा खोका हवेत हलवला. वाऱ्यात सगळं विरून गेलं. सायकल रेघ सोडेना, वेग कमी होईना.

मग आईला हातातली घंटी आठवली. तेवढीच पोचते तिच्यापर्यंत. तिने हात उंच केला आणि जीव खाऊन घंटी वाजवली.

बाबांचं बरोबर होतं. इथवर येता येता मान दमलीच होती. डोकं हळूहळू वर येत होतं, नजर रेघेवरून पुढे सरकत होती, आईच्या पावलांपर्यंत आलीही होती.

घंटी ऐकली आणि मुलीने मान झटकन खाली घातली.