फाटकावरचं नाक

चारुशीला तांडेल भाड्याचं घर बघायला आली, तर सोसायटीच्या फाटकावरच वॉचमनने तिच्या ओठांपुढे पेनाएवढं यंत्र धरलं. "फुंका, मॅडम."

यंत्र तिने लगेच ओळखलं. विद्यापीठाच्या केंद्रात संशोधन करत असताना तिने आणि तिचा सहकारी हेरंबने ते बनवलं होतं, बाजारातली नासकी मासळी ओळखायला.

तिने फुंकर मारली. लाल दिवा लागला.

"मासे खाल्लेत तुम्ही. आत सोडता येत नाही," वॉचमन ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी लगबगीने आला. तो हेरंबच होता. "चारू, आधी सांगायचं ना! तू आपली माणूस. तुझ्यापुरतं यंत्र बंद ठेवतो."

"आणि आई माझ्याकडे राहायला आली की?"

"त्यांनी येण्याआधी जरा पथ्य पाळलं, तर..."

चारुशीलाच्या आईच्या हातचं बोंबलाचं कालवण हाच माणूस बोटं चाटून खायचा. तिने वॉचमनच्या हातून यंत्र घेतलं आणि हेरंबच्या तोंडापुढे धरलं. "फुंक."

हेरंब मागे सरला. त्याने घाईघाईने तोंडावर रुमाल धरला.

चारुशीला तिथेच, फाटकाच्या पायथ्याशी थुंकली आणि घर न बघताच माघारी वळली.