सोसत नाही

"कमलबाई, माझ्या पोराला काही झालं ना, तर मी सरळ पोलीस स्टेशनला जाईन. मग म्हणू नका."

नूतननं हे नळावर सुनावलं, गल्लीतल्या बायका हंडे लावून उभ्या असताना. हळू बोलायची तिला सवय नव्हतीच, आणि आज तर चारचौघींना ऐकवायचंच होतं. तिच्या दर्शिलनं शेजारी कमलच्या घरी भाकरीचा तुकडा खाल्ला होता. कमलच्या ज्योतीनं आपल्या ताटातली मोडून दिली होती, तीही त्यानं मागितली म्हणून.

"ताई, भाकरीत शेंगदाणा नसतोय," कमल म्हणाली.

"तव्याला लागलेला असतो. हाताला असतो. डॉक्टरनं सांगितलंय, एक कण पण नाही. तुम्हाला समजत नसेल तर मी त्याला पाठवतच नाही."

बाकीच्या बायका ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. कमलनं अर्धाच भरलेला हंडा उचलला आणि घर गाठलं.

खरं तर तिच्याइतकं हे त्या गल्लीत कुणालाच समजत नव्हतं. सुरतेजवळ कामरेजला तिची बहीण राहायची. तिच्या मुलानं एकदा चिक्की खाल्ली आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. रिक्षात तो कमलच्याच मांडीवर होता. दवाखाना जवळ होता म्हणून पोर हाताला लागलं. तेव्हापासून ॲलर्जी हा शब्द निघाला तरी कमलला ती रिक्षा आठवायची.

म्हणून नूतननं कितीही पाणउतारा केला तरी ती उलट बोलायची नाही. आईचा जीव आहे, तुटणारच, अशी स्वतःची समजूत घालायची. नूतन साड्यांच्या घड्या घालायला कारखान्यात जायची आणि ती येईपर्यंत शाळा सुटलेला दर्शिल कमलकडे बसायचा. पोर सांभाळायला कमल चालायची, तिचा शब्द मात्र चालायचा नाही. दर्शिलची बाटली वेगळी, डबा वेगळा. कमलच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण ग्लासाला काय लागलेलं असेल सांगता येत नाही. घरी गेल्या गेल्या त्याला अंघोळ, कपडे थेट बादलीत. माझ्या बहिणीनं याच्या निम्मी तरी काळजी घेतली असती तर, असं कमलला वाटायचं.

"त्याचं इंजेक्शन एक माझ्याकडं ठिवा की ताई," तिनं एकदा भीतभीत विचारलं होतं. "वेळ काय सांगून येती का?"

"ते असं कोणाच्याही घरी ठेवायचं नसतं," नूतननं तिला तिथंच तोडलं होतं.

नळावरच्या तमाशानंतर कमलनं घरातून शेंगदाणाच हद्दपार केला. डबे घासले, मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्यानं धुतलं, तवा नवा आणला. भाजीत कूट नाही, ताटात चटणी नाही. तिचा नवरा गणपत कापडाच्या लूमच्या कारखान्यातून दमून यायचा आणि वांग्याकडे बघून तोंड वाकडं करायचा. पण खरा आगडोंब उसळला तो सखुबाईचा. कमलच्या या सासूला जेवणानंतर शेंगदाण्याचा लाडू लागायचाच.

"दुसऱ्याच्या लेकरापायी आमी सुतक पाळायचं व्हय?"

"आत्याबाई, आजार हाय त्याला."

"ठाव हाय मला त्यो आजार. आमच्या गावात निम्म्या गावाला व्हता. आपल्याकडचं नुसतं पाणी पेलं तरी बाधायचं."

"हे तुमचं गाव नव्हं, सुरत हाय. आन् मी डोळ्यानं बघितलंय लेकरू तडफडताना. पुन्हा तोंडातून असलं काढू नका."

सुनेनं इतकं ताडकन कधी सुनावलं नव्हतं. पण सखुबाई काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. कोपऱ्यावरच्या बन्सीलालच्या दुकानातून तिनं लाडवांचं पाकीट आणलं आणि उशीखाली दडवलं.

एका दुपारी कमल गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली, तर दर्शिल म्हातारीच्या खाटेवर बसलेला. गाल फुगलेले. मांडीवर फाडलेलं पाकीट.

"दोन खाल्ले त्यानं," सखुबाई शांतपणे म्हणाली. "बघ, काय झालं का?"

कमलच्या हातातले कपडे खाली पडले.

"आग लागो तुमच्या हट्टाला! लेकराचा जीव घेता का?"

तिनं पोराचं तोंड उघडलं, बोट घालून होतं तेवढं बाहेर काढलं. दर्शिल घाबरून किंचाळला. रडता रडता त्याला ठसका लागला, चेहरा लाल झाला. सुरू झालं, आता सुरू झालं, एवढंच कमलच्या डोक्यात होतं. त्याला उचलून ती अनवाणीच पळाली.

नूतन नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होती.

"ताई, इंजेक्शन! शेंगदाण्याचा लाडू खाल्ला त्यानं! दोन खाल्ले, आमच्या म्हातारीनं दिले. मला पोलिसात द्या, काय करायचं ते करा, पण आधी इंजेक्शन काढा!"

नूतनचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हिसका देऊन पोराला आपल्याकडे ओढलं.

"लाडू तुम्ही केले होते?"

"काय?"

"लाडू, लाडू! तुमच्या घरी केले होते का दुकानातून आणले?"

"दुकानातले, पाकिटातले. बन्सीलालकडचे. ताई, हात जोडते, लवकर करा, त्याचा घसा…"

नूतननं मोठा सुस्कारा सोडला आणि ओढणीनं दर्शिलचं तोंड पुसलं.

"हां," ती म्हणाली. "मग चालतं."