सुरू झालं का

मुलाने रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं वजन पुन्हा एकदा तपासलं आणि बाबांना म्हणाला, "झालं. आता नीट बसा."

बाबा बसलेलेच होते. सकाळपासून त्यांना त्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. दोन्ही स्पीकर खुर्चीतल्या डोक्याकडे वळवायचे होते, आणि त्यासाठी खुर्चीत डोकं हवं होतं. मधे त्यांना डुलकी लागली, तर मुलाने हलवून मान सरळ करायला लावली.

"झालं म्हणजे अगदी झालं?" स्वयंपाकघराच्या दारातून सुनेने विचारलं. "की मागच्या वेळेसारखं?"

मुलाच्या अंगात त्राणच नव्हतं. आठवडाभर दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत हिंडायचं, आणि रविवार आला की हे. आधी टर्नटेबल आलं. मग कळलं, घरात कुणी चाललं तरी सुई थरथरते, म्हणून ते भिंतीत ठोकलेल्या दगडी फळीवर गेलं. अँप्लिफायर घरघरतो म्हणून वायरी बदलल्या. खोली घुमते म्हणून जाड पडदे आले, आणि पडद्यांमुळे दिवसाढवळ्या दिवा लावायची पाळी आली. सून म्हणायची, सवत आणली असतीस तर तिने निदान भांडी तरी घासली असती.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका रेकॉर्डसाठी.

आई गेली. तिचे फोटो भरपूर राहिले, आवाज मात्र एवढाच. लग्न नवं असताना कुठल्याशा प्रदर्शनात एका माणसाने तिला यंत्रासमोर उभं करून बोलायला लावलं होतं आणि तिथल्या तिथे तो आवाज तबकडीवर कोरून ती हातात दिली होती. असली तबकडी मऊ असते, सुई फिरली की दर वेळी थोडी खरवडली जाते. म्हणून मुलाने ठरवून टाकलं होतं, सेट मनासारखा झाल्याशिवाय हिला हात लावायचा नाही. हलक्या सुईवर एकदाच वाजवायची, वाजतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मग बाबांनी खुशाल रोज ऐकावी. बाबा अधूनमधून विचारायचे, "झालं का रे?" उत्तर ठरलेलं. "थोडं राहिलंय, बाबा."

आज काही राहिलं नव्हतं. सून ओढणीला हात पुसत येऊन बसली. मुलाने तबकडी कडांना धरून पाकिटातून काढली, टर्नटेबलवर ठेवली आणि श्वास रोखून सुई खाली सोडली.

खरखर. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी शेजारच्या घरात कुणीतरी बोलतंय असं काहीतरी.

त्याने सुई उचलली. वायरी काढून पुन्हा घातल्या. सुई ब्रशने पुसली. दुसरी एक रेकॉर्ड लावून पाहिली, ती इतकी खणखणीत वाजली की सून दचकली. म्हणजे सेटमध्ये खोट नव्हती. मग तो आईची तबकडी घेऊन खिडकीशी गेला, पडदा सारला आणि ती उजेडात तिरकी धरली. काळ्याभोर तबकडीवर राखाडी पट्टा उमटला होता. रोजच्या येण्याजाण्याने पायरी झिजते, तशी ती झिजली होती.

"ही कुणी वाजवली?"

सुनेने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पडद्याकडे.

"मी," बाबा म्हणाले. "दुपारची. तू कामाला गेलास की."

"कशावर?"

"माळ्यावर ती रेकॉर्ड वाजवायची जुनी पेटी होती ना, झाकणवाली. तिच्यावर."

"मीच काढून दिली," सून म्हणाली. "माझ्याच्याने नाही म्हणवेना."

मुलगा तबकडी मांडीवर घेऊन खाली बसला. "त्या पेटीला सुई कसली, नांगर आहे तो. बाबा, तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंस."

"मग? किती वेळा वाजवलीत?"

"मोजायला मी काय काटे तपासतो?" बाबा म्हणाले. मग जरा नरमले. "तुझं काही होईना रे. रोज वाटायचं, आजच्यापुरती ऐकू. या वयात उद्याचा भरवसा कुठे असतो."

मुलाचा राग आला तसा गेला. उरला तो शीण. त्याला रडू येत होतं, आणि रडायचाही कंटाळा आला होता.

"उरलंय ते तरी उतरवून घेतो," तो म्हणाला. उठला, तबकडी परत ठेवली आणि सुई सोडली.

खरखर सुरू झाली. बाबांनी डोळे मिटले.

"सुरू झालं का, म्हणतेय," ते म्हणाले. "आता हसली. त्या माणसाला विचारतेय, इकडे तोंड करून बोलू का."

मुलाने कान देऊन ऐकलं. खरखरीच्या मागे हसण्यासारखं काहीतरी होतं खरं. बाबांनी सांगितलं म्हणून ऐकू आलं, एरवी आलं नसतं.

"आता मला म्हणतेय, अहो, तुम्ही बोला ना काहीतरी."

मग तळचा तो आवाजही थांबला. नुसती खरखर राहिली, आणि राहिलीच. मुलाने बराच वेळ वाट पाहिली. संपलं असावं. आता उगाच आणखी झिजायला नको म्हणून त्याने सुई उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "तेव्हा लाजलो मी, बोललोच नाही. आता रोज इथे मी बोलतो."

मुलाने हात मागे घेतला. बाबा खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी घसा खाकरला.