संगोपन

“बाल त समजलं. हे संगोपन काय होते व, दीपमाला?”

अमरावतीच्या दवाखान्यात नंबर यायला अजून वेळ होता. सुंदराबाई भिंतीवरचा तक्ता अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. शेजारी बसलेली त्यांची लेक कॉलेजात मराठी शिकवायची. तिला सातवा महिना लागला होता. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की तिची कळी खुलायची.

“गोप म्हंजे गाई राखणारा, माय. त्याच्यावरून गोपन म्हंजे राखणं. मंग जे राखाचं, ते माणूस झाकूनबी ठेवते. म्हणून गोपन म्हंजे लपवणंबी. त्याले ‘सम्’ लावला का झालं संगोपन. नीट राखणं.”

“अन् नीट लपवणं,” सुंदराबाई हळूच म्हणाल्या.

एकोणतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. दीपमाला त्यांच्या पोटची नव्हती. धाकटी बहीण केशर बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्यानं महिन्याभरात दुसरं लग्न केलं आणि तान्ही पोर सुंदराबाईंच्या ओटीत आली. पोरीच्या कानावर कुणी काही घालू नये म्हणून त्यांनी बाळापुरातलं भावाचं घर सोडलं. धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागल्या. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याची कधी खंत केली नाही.

नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी दीपमालाच्या दंडावरचा पट्टा सोडला.

“बीपी वाढलंय. गोळ्या देते. आता दर आठवड्याला यायचं.”

केशरलाही सातव्या महिन्यातच असं झालं होतं. हे डॉक्टरांना कळायलाच हवं होतं. पण ते सांगितलं की आपलं मायपण संपलं, हेही सुंदराबाईंना कळत होतं. त्यांनी एका क्षणाचाही उशीर केला नाही.

“बाई, मी हिची माय नाही. हिची माय केशर. माही लहान बहीण. तिचंबी बीपी असंच वाढलं होतं. झटके आले. पोरगी वाचली, केशर नाही वाचली. तुमी आता त्या बेतानं इलाज करा.”

आवाज ठाम होता. लेकीकडे बघायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

दीपमालानं खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला.

“बारावीत जन्माचा दाखला काढाले मी बाळापूरले गेली होती ना, माय? तवाच मामानं सगळं सांगतलं मले.”

“बारावीत? मंग बोलली काहून नाही इतके वर्सं?”

दीपमालानं आपली फाइल डॉक्टरीणबाईंकडे सरकवली. उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्यांनी फाइलचं पहिलं पान उघडून सुंदराबाईंसमोर धरलं. केशरचं नाव, वाढलेलं बीपी, झटके, सगळं तिथं नोंदवलेलं होतं.

“पहिल्याच भेटीत यांनी सांगून ठेवलंय. म्हणून तर मी सुरुवातीपासून बीपीवर लक्ष ठेवून आहे. आणि मला बजावलं होतं, ‘माझ्या आईसमोर हा विषय कधी काढू नका. तिला लागेल.’”