चादरीचं दुसरं टोक

दवाखान्यातून मेहुण्याचा फोन आला तेव्हा लाँड्रीवाल्याच्या हातात गरम इस्त्री होती. "ताई गेली," मेहुणा म्हणाला. "घेऊन येतो. तुम्ही तिथंच थांबा." त्याने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि स्टुलावर बसला.

टेबलावर निळी डबल चादर पडली होती. चार दिवसांपूर्वी दवाखान्यात जाताना बायको म्हणाली होती, "ती राहू द्या. मोठी आहे. घडी घालायला धाकट्या भावजींना हाक मारा."

"एका चादरीसाठी त्याचं तोंड बघू?" तो खेकसला होता. धाकट्या भावाशी सात वर्षं बोलणं नव्हतं.

बातमी गल्लीभर झाली. माणसं दुकानातच येऊन टेकली.

"फार शहाणी बाई हो," समोरची शिंपीण म्हणाली.

"शहाणी?" त्याला नवलच वाटलं. "चौथी शिकलेली. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही तिच्या."

"तेच तर! माझा आणि सासूबाईंचा सहा महिने अबोला. नेमक्या एकाच वेळी इथं आलो. वहिनी म्हणाल्या, 'माझे हात आखूड पडतात गं, जरा चादरीची टोकं धरा दोघी.' घड्या घालत घालत नाकासमोर नाक आलं. सासूबाई म्हणतात, 'अगं, तुझी बाजू लोंबतेय!' सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य."

"मला घरमालकासमोर उभं केलं होतं," कोपऱ्यातला भाडेकरू म्हणाला. "चादरीऐवजी पडदा होता."

लाँड्रीवाल्याने निळ्या चादरीकडे पाहिलं. आखूड हाताची म्हणून त्याने तिला जन्मभर चिडवलं होतं. ती नुसती हसायची. आणि रोज सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आत, तीच बाई डबल चादर हनुवटीखाली धरून एकटी घडी घालायची. एकामागून एक, पंधरा-वीस. त्याच्या डोळ्यांदेखत.

दारात सावली पडली. धाकटा भाऊ उभा होता. पायरी चढेना.

लाँड्रीवाला उठला. निळी चादर उचलून त्याने एक बाजू पुढे केली. "धर. मला एकट्याला जमत नाही."

भावाने टोकं धरली. पहिली घडी पडली. दुसरी पडली.

"दादा, तुझी बाजू लोंबतेय," भाऊ म्हणाला.

आता चालत एकमेकांजवळ यायचं होतं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चादर टेबलावर टाकून दोघेही धावले.

ती चादर अजून तिथंच आहे. दोन घड्या झाल्यात. पुढच्या राहिल्यात.