मोजणी

माणदेशाकडची मेंढरं विकून धोंडुबाईनं सांगलीच्या कडेला गुंठेवारीत जागा घेतली, घर बांधलं. तिच्या मागोमाग भावकीचीही घरं उठली. ब्याण्णव साली शहराच्या विकास आराखड्यासाठी मोजणीवाले टेप घेऊन वस्तीत शिरले, तशी म्हातारी दगड उचलून आडवीच आली.

"आज मापं घ्याल, उद्या घरं पाडाल! टेप गुंडाळा, न्हाईतर टकुरी फोडीन!"

बायकांनी शेण फेकलं, गड्यांनी कुत्री अंगावर सोडली. बर्वे नावाचा सर्व्हेअर फाटक्या शर्टानिशी पळाला, तो पुन्हा मोजायला फिरकलाच नाही. वस्तीत त्या दिवशी गूळ वाटला गेला.

काही वर्षांनी दारात बुलडोझर उभा राहिला. मागच्या जीपमधून बर्वेच उतरला. धोंडुबाई त्याच्यावर धावून गेली.

"पलीकडच्या वस्तीला हात लावला न्हाई, मग आमच्यावरच का उठलायसा? आमची घरं दिसत न्हाईत व्हय रं तुला?"

बर्वेनं शांतपणे नकाशाची घडी उलगडली.

 

"त्यांची घरं मोजलेली आहेत, आजी. मंजूर नकाशात इथं नुसतं मोकळं माळरान आहे, म्हणून तर रस्ता इथून काढला."