एक डोळा, एक गुडघा

आणखी एक द्राक्ष फुटलं. रस थेट चष्म्यावर उडाला. हाडांच्या डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला आणि समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. बायको डोळ्यांची डॉक्टर. सगळं हॉस्पिटल तिला मॅडम म्हणायचं. मॅडमच्या हातात करवत होती आणि त्यांच्यापुढच्या लाकडी स्टुलाला आता तीनच पाय उरले होते.

"साल हळू सोल रे," मॅडम म्हणाल्या. "माझा डोळा आहे तो, अक्रोड नाही."

"आणि तू करवत धरतेस की भुवई कोरतेस? जोर लाव जरा."

दोघं एकाच वर्गात शिकलेली, त्यामुळे अरे-तुरे पहिल्यापासूनचं. हे खूळही दोघांनी मिळूनच काढलेलं. डॉक्टरांचा उजवा गुडघा पार झिजला होता. लंगडत येणारा माणूस लोकांचे गुडघे बसवतो म्हटल्यावर पेशंट दारातूनच परत फिरू लागले होते. मॅडमचा एक डोळा लहानपणापासून नावालाच होता, आणि दुसऱ्यात मोतीबिंदू असा पिकला होता की त्यांनी ऑपरेशनं बंद केली होती.

खरं तर मुलगी आणि जावई समोरच्याच इमारतीत होते. मुलगी डोळ्यांची, जावई हाडांचा. दोघांचं नाव होत होतं. "कालपर्यंत मी जिचं नाक पुसत होते, ती माझ्या डोळ्यात सुई घालणार?" मॅडम म्हणायच्या. जावयाचा विषय निघाला की डॉक्टर नुसतं "हं" करायचे. त्या "हं"मध्ये जावयाच्या सात पिढ्यांची हाडं मोडून निघायची. आपापल्या कामात दोघांचा स्वतःखेरीज कुणावर भरवसा नव्हता, आणि स्वतःचं ऑपरेशन स्वतः करता येत नव्हतं. डॉक्टरांनी आरसे लावूनही पाहिलं होतं. मग राहिलं कोण? नवऱ्याला बायको आणि बायकोला नवरा.

आधी डोळा ठरला. मॅडमनी पूर्ण भूल मागून घेतली. "जागी राहिले तर पडल्या पडल्या सूचना देत बसेन," त्या म्हणाल्या, आणि डोळा लागण्याआधी त्यांनी नवऱ्याचा हात दाबला. "घाबरू नकोस. जमेल तुला."

त्या झोपल्या आणि डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. जन्मभर हातोडी-छिन्नी चालवलेला हात, आणि खाली मसुरीच्या दाण्याएवढं भिंग. हा डोळा गेला तर ती कायमची आंधळी होणार होती, आणि तेही आपल्या हातून. त्यांची बोटं थरथरायला लागली. भूल देणारा दुसरीकडे बघू लागला. शेवटी डॉक्टरांनी मुलीला फोन लावला.

"मागच्या दारानं ये," ते म्हणाले. "आणि आईला जन्मात सांगू नकोस."

मुलगी आली, काम केलं आणि आली तशी गेली.

पट्टी सुटली तेव्हा मॅडमना समोरच्या इमारतीवरची पाटी मुलीच्या नावासकट लख्ख वाचता आली. "बघ," त्या म्हणाल्या, "कार्टीला सात जन्मांत जमलं नसतं." डॉक्टरांनी मान डोलावली.

मग गुडघ्याची पाळी आली. डॉक्टरही पूर्ण भूल घेऊन निवांत झोपले. जे आपल्याला जमलं नाही ते हिला कुठलं जमायला? ऐनवेळी ही जावयाला बोलावणार, याची त्यांना खात्री होती. त्या खात्रीवरच त्यांनी संमतीची सही केली होती.

गुडघा झकास झाला. डॉक्टरांनी काठी टाकली, जिने चढायला सुरुवात केली. जावयाला बघून "हं" करणं सोडलं. एकदा तर त्याच्या पाठीवर थाप मारली. जावई दिवसभर कोड्यात पडला होता.

पण बायकोशी खोटं बोलल्याचं त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. एका सकाळी गॅलरीत उभ्यानं चहा पिताना त्यांनी हसत हसत सांगून टाकलं.

"आता फिट्टंफाट झालीय म्हणून सांगतो. तुझा डोळा मी नाही केला. हात थरथरायला लागले, पोरीला बोलावलं. तू माझ्या गुडघ्याला जावयाला बोलावलंस ना, तसंच."

मॅडमनी कप खाली ठेवला. नव्या डोळ्यानं त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे.

"फोन हातात घेतला होता मी," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, यानं माझ्या एकुलत्या एका डोळ्यात सुई घातली, आणि मी याच्या गुडघ्याला घाबरू? ठेवला फोन. घेतली करवत."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. गुडघा अगदी हवा तसा वाकला.